तटाबाहेरची बाजारपेठ

वास आधी आला, किल्ला मागाहून दिसला. ओल्या गोणपाटाचा वास.

जर्मनीतल्या टाउनुसच्या डोंगरात, आमच्या एश्बॉर्नच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर, एक रोमन किल्ला आहे. आहे म्हणजे होता. मग शेकडो वर्षं नव्हता. आणि शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी जुन्या पायावर तो पुन्हा उभा केला. ऑक्टोबरातल्या शनिवारची सकाळ होती. बीच नावाच्या झाडांखाली पिवळ्या पानांचा जाड थर, पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज. दाराच्या अलीकडे, जिथे पूर्वी व्यापाऱ्यांची वस्ती होती तिथे, दोन माणसं मातीची भट्टी लिंपत होती. ती तडकू नये म्हणून त्यांनी तिच्यावर पोती भिजवून पांघरली होती. या देशात मी बावीस वर्षं काढली. ओल्या लोकरीचा, भाजक्या पावाचा, तळघरात ठेवलेल्या सफरचंदांचा, असे किती वास माझ्या ओळखीचे झाले. ओलं गोणपाट मात्र माझ्या नाकाने इथे कधी मागितलं नव्हतं, आणि त्याला ते कुणी दिलंही नव्हतं.

माझे पाय थांबले. मागून येणारी ताईही थांबली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही, नुसते उभे राहून श्वास घेत राहिलो. तिकिटं घेऊन आलेल्या मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, आम्हा दोघांना असं पोत्यांसमोर ध्यान लावलेलं पाहिलं आणि लेकीला म्हणाली, “बघ इरा, तुझ्या बाबांचं आणि आत्याचं नाक एकाच कारखान्यातलं.” चौदा वर्षांची इरा “गेनाऊ”, म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाली आणि हेडफोन पुन्हा कानात घातले.

ताई म्हणजे माझी सख्खी, आठ वर्षांनी मोठी बहीण. कऱ्हाडच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून ती दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली; शाळेतून, घरातून नव्हे. तिने लग्न केलं नाही. का, ते आमच्या घरात कुणी मोठ्याने विचारलं नाही. ती आईबरोबर राहते, आणि आईला आता एकटं सोडता येत नाही. वीस दिवस येऊन राहायचं मावशीने कबूल केलं तेव्हा कुठे ताईला पहिल्यांदा आमच्याकडे येता आलं. तिकीट मी काढलं होतं. हे मी आल्यागेल्याला सांगत होतो.

मी तिला त्या दगडी चौथऱ्यांमधून फिरवत समजावत होतो. ही रोमन लोकांची सरहद्द. आत फौज. पलीकडच्या जंगलातून इथली टोळीवाली माणसं कातडी, मध, हंसाची पिसं घेऊन यायची आणि मडकी, मद्य, काचेचे मणी घेऊन जायची. हत्यारं बाहेर ठेवायची, मगच सौदा करायचा. आणि हा सगळा बाजार तटाच्या बाहेर, इथे, जिथे आपण उभे आहोत. ताईने शांतपणे ऐकून घेतलं, तटाकडे बघून डोळे बारीक केले आणि विचारलं, “म्हणजे हा जुना नाही?”

“पाया जुना आहे. वरचं सगळं परत बांधलंय.”

“म्हणजे दिवाळीचाच,” ताई म्हणाली. “फक्त मोठ्या माणसांनी केलेला.”

पुढचं मला आठवायला लागलं ते त्या एका शब्दाने.

आम्ही वाढलो पाटबंधारे खात्याच्या वसाहतीत. एकसारख्या बारा खोल्या, एकसारखी बारा अंगणं आणि पुढे कालवा. वडील ओव्हरसियर होते. सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून घरी आलं की दप्तर एका बाजूला आणि आम्ही कालव्यावर, घमेलं घेऊन. कालव्याच्या काठाची ती माती मी अजून बोटांत ओळखेन. काळी, गुळगुळीत, आत कुठेतरी शिंपल्याचा तुकडा हमखास. ती उन्हात वाळवायची, ढेकळं बत्त्याने फोडायची, आईचा डोळा चुकवून आणलेली चाळण तिच्यावर धरायची. धपधप, धपधप. चार दिवस वसाहतीत दुसरा आवाज नसायचा. मग विटांचे तुकडे, दगड, त्यांच्यावर भिजवलेली पोती, आणि पोत्यांवर चिखल. त्या पोत्यांना आधी धान्याचा वास असायचा, मग पाण्याचा, मग मातीचा. आणि तिसऱ्या दिवशी तिन्हींचा मिळून एक चौथाच वास यायचा. दिवाळी जवळ आली हे आम्हाला त्याच वासाने कळायचं. फराळाचे वास नंतरचे.

इतर अंगणांत किल्ला असायचा. आमच्या अंगणात ताईचा किल्ला असायचा. बाकीची पोरं हाताला येईल तो डोंगर करायची आणि वर सिंहासन ठेवून मोकळी व्हायची. ताईचं तसं नव्हतं. दरवर्षी एक खरा गड. वडिलांकडून मोजपट्टी, खात्याच्या निळ्या कागदाच्या मागच्या बाजूवर नकाशा, बुरुज किती, दरवाजा कुठल्या दिशेला, पाण्याची टाकी कुठे. तेरा वर्षांची मुलगी ओठात पेन्सिल धरून अंगणात उभी राहायची आणि आम्ही चार पोरं तिच्यासमोर घमेली घेऊन ओळीत. एक बुरुज वाकडा आला म्हणून तिने नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी अख्खी उत्तर बाजू पाडलेली मी पाहिली आहे. कुणी रडलं नाही. रडायला सवड नव्हती.

माझ्याकडे खातं होतं बाजारपेठ. गडाच्या पायथ्याशी, दाराच्या बाहेर, एक हात लांब आणि वीतभर रुंद जागा. तिथे मी माझं राज्य मांडायचो. कुंभाराकडून आणलेली डोक्यावर घागर घेतलेली गवळण, भाजीवाली, एक वाणी ज्याचं नाक पहिल्याच वर्षी गेलं होतं, बैलगाडी, आणि काडेपेटीच्या खोक्यांची दुकानं. शेंगदाण्याच्या फोलपटाच्या होड्या. बाटलीच्या झाकणातलं तळं. तटाच्या आत मला मज्जाव होता. माझे हात धसमुसळे आहेत, असं ताईचं मत होतं, आणि मत बरोबर होतं. पहिल्या वर्षी मी कड्यावरचा मावळा बसवायला गेलो आणि कडाच घेऊन खाली आलो.

एका वर्षी तिने रायगड काढला. मला कुठून तरी कळलं होतं की रायगडावर बाजारपेठ गडाच्या आतच आहे, घोड्यावर बसल्या बसल्या खरेदी करता यावी इतक्या उंच जोत्यांची. मी आठवडाभर झोपेतसुद्धा हसत होतो. या वर्षी मी वर. गवळण, वाणी, बैलगाडी धुऊनपुसून मी तिच्यासमोर उभा राहिलो. ताईने नकाशा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “या वेळी बाजार आत आहे, म्हणून तो मी करते. तू खाली रस्ता कर.” मी रस्ता केला. चांगला केला. वडील म्हणाले, खात्याला असा रस्ता कधी जमला नाही.

आणि हळीव. ते राहिलंच. किल्ला उभा राहिला की त्याच्या उतारांवर हळीव पेरायचं. भिजलेलं हळीव बोटांना बुळबुळीत लागायचं आणि बियांमधून एक तिखट, ओला वास यायचा. ते ताई मला करू द्यायची. पेरायला धसमुसळे हात चालतात, म्हणायची. दोन-तीन दिवसांनी सकाळी उठून अंगणात जावं तर काळ्या मातीवर हिरवी लव आलेली असायची, दव धरलेली, आणि त्यात पणत्यांची काजळी. ते गवत आमच्या बोटाच्या पेराएवढं झालं की दिवाळी संपायची.

मी इकडे आलो, संसार मांडला, इरा झाली. ती सहा वर्षांची असताना मला उमाळा आला. आमच्या तळमजल्याच्या घराला खोलीएवढी बाग आहे. मी बांधकामाच्या दुकानातून मातीच्या पिशव्या आणल्या, नव्या कोऱ्या, वर शेवंतीचं चित्र असलेल्या. हळीव मिळेना. तीन इंडियन स्टोअर पालथी घातली. शेवटी इराच कोपऱ्यावरच्या साध्या दुकानात एका पुठ्ठ्याच्या डबीकडे बोट दाखवून म्हणाली की हे त्यांनी किंडरगार्टनमध्ये कापसावर पेरलं होतं. क्रेस. मी एक पान तोडून चावलं आणि दुकानात, दह्याच्या फ्रिजसमोर, मला आमचं अंगण दिसलं. चौदा वर्षं मी ते पावावर चीज घालून खात होतो आणि मला पत्ता नव्हता. एखादी वस्तू आपण रोज बघतो आणि ती आपलीच आहे हे कळायला सहा वर्षांचं माणूस लागतं.

तो किल्ला कसाबसा झाला. तट ढासळलेले, बुरुज बसलेले. मीच सरदार, मीच गवंडी, त्यामुळे रागवायला कुणी नव्हतं. फुलं वाहिली, चार पणत्या लावल्या आणि आम्ही आत फराळाला गेलो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाई दारात. चेहरा पडलेला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं, मांजर होतं की कुत्रा? त्यांनी एक मेणबत्तीही आणली होती. मी खरं सांगायला तोंड उघडलं. पण त्यांचे डोळे इतके भरून आले होते की मी आभार मानून मेणबत्ती घेतली. ती आम्ही गडाच्या दारात लावली. आजही त्या दिवाळीच्या सुमारास भेटल्या की माझी विचारपूस जरा जास्त करतात.

हे मी ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. निदान तेव्हा मला वाटलं की हसण्यामुळे.

तर आम्ही दाराशी आलो. दगडी कमान, दोन बाजूंना बुरुज, खाली घासून गुळगुळीत झालेला लांब दगड. मंजिरी आणि इरा पुढे गेल्या. मी त्यांच्या मागे. आणि ताई, जिने शाळेच्या सहलींतून शेकडो मुलींना गडाच्या पायरीला हात लावल्याशिवाय आत पाऊल टाकू दिलं नाही, ती सवयीने खाली वाकली. रोमन असो नाहीतर आणखी कुणाचा. गड तो गड. तिने त्या दगडाला उजव्या हाताची बोटं लावली, कपाळाला नेली.

आणि ती उठली नाही.

आधी मला वाटलं ती दगड बघतेय. ताई दगड बघते. मग तिचा डावा हात दिसला. तो भिंत शोधत होता, आणि भिंत वीतभर दूर होती. तिचा चेहरा शांत होता. वर्गात खडू संपल्यावर असावा तसा. मी मागे आलो, काखेत हात घातला, आणि ती दातांतून म्हणाली, “ओढू नकोस. थांब जरा.” आमच्या मागे लोक थांबले. दारावर रोमन शिपायाचा वेष केलेला एक माणूस उभा होता, माझ्याच वयाचा, चिलखताखाली माझ्यासारखंच पोट. त्याला वाटलं बाई पडल्या. ढाल भिंतीला टेकवून तो धावत आला. तिने देवाला करतात तसा नमस्कार केला हे मी त्याला जर्मनमध्ये समजावू लागलो. तो म्हणाला, हो, हो, आधी यांना उठवू. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने रोमन साम्राज्य, असं आम्ही माझ्या बहिणीला उभं केलं.

ती उभी राहिली ती माझ्या दंडावर. सगळा भार माझ्या दंडावर टाकून. जन्मात पहिल्यांदा.

आम्ही तिला मागे, भट्टीजवळच्या बाकावर बसवलं. मंजिरीने थर्मास उघडला, “ताई, अहो पाय सरळ करा आधी,” म्हणत स्वतः खाली बसून तिचे बूट सैल केले. ताईने पदराने कपाळ टिपलं आणि मला म्हणाली, “मी बघते इथनं. तू जा वर. तिकीट काढलंयस ना?”

मी इराबरोबर वर गेलो. खरं सांगायचं तर पळून गेलो.

तटावरची फळ्यांची वाट, लाकडाला राळेचा वास. एका बाजूला किल्ल्याचं मोकळं आवार, दुसऱ्या बाजूला दरवाजाबाहेरचे ते चौथरे, धुरकट भट्टी, आणि बाकावर निळ्या स्वेटरमधली ताई. वरून ती फार लहान दिसत होती. गडाची मालकीण खाली बाजारात बसली होती, आणि बाजारवाला दरवाजाच्या वर उभा होता. हे मी लहानपणी किती मागितलं होतं. आता मिळालं, तर मला खाली जायचं होतं.

इराने हेडफोन काढले. ती मराठी सगळं समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. गेले पंधरा दिवस ताई तिच्याच खोलीत झोपत होती, आणि त्या दोघी तासन् तास बोलायच्या, एक मराठीत, एक जर्मनमध्ये, मध्ये कुठेतरी भेटून. ती कठड्याला टेकून म्हणाली की आत्याने सांगू नको म्हटलंय, पण ती सांगणार आहे. आत्या रोज सकाळी उठल्यावर दहा मिनिटं पलंगाच्या कडेला बसते. दोन्ही गुडघ्यांना ओढणी घट्ट बांधते. मग मोजते, एक, दोन, तीन, आणि उभी राहते. कधी कधी सातपर्यंत जाते. आणि ऑपरेशनची तारीख मिळाली होती. दोनदा. दोन्ही वेळा आत्यानेच ती रद्द केली, कारण ती हॉस्पिटलमध्ये गेली आणि मग घरी पडून राहिली तर आजीपाशी कोण?

गुडघ्यांचं मला माहीत होतं. डॉक्टर दोन्ही बदलायला म्हणतात, आधी एक, मग दुसरा, सगळं मिळून चार महिने, हेही तिने फोनवर सांगितलं होतं. मी लगेच म्हणालो होतो, बाई ठेव, चांगली, दिवसरात्रीची, मी बघतो सगळं. ती म्हणाली होती, परक्या माणसाला बघून आई जेवत नाही. आणि मग, बघू. मी त्या बघूवर समाधानाने फोन ठेवला होता. तारखांचं मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

मी काय केलं होतं ते सांगतो. मी रक्तदाबाचं यंत्र पाठवलं होतं. वजनाला पिसासारखी काठी. न्हाणीघरात बसायची खुर्ची. गरम होणारी चादर, जिची जर्मन माहितीपत्रिका ताईने शब्दकोश घेऊन वाचली. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक मित्राच्या बॅगेत मी काहीतरी कोंबलं होतं. माझी बाजारपेठ उत्तम चालली होती. सरहद्दीच्या पलीकडून माल येत होता, दाराशी उतरत होता. आत काय चाललंय ते बघायचं माझं खातं नव्हतं, असं मी बावन्नाव्या वर्षीसुद्धा मानत होतो. आणि मजा अशी की आता मला आत जायला कुणीही मज्जाव केलेला नव्हता.

इराने माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, “वारुम फेअर्स्ट डू निश्त हिन?” तू का जात नाहीस तिकडे, एवढंच. टोमणा नव्हता. खरोखर कुतूहल होतं.

माझ्याकडे कारणं होती. मोठा प्रकल्प, घराचे हप्ते, तिची दहावी जवळ आलेली. मी ती तोंडापर्यंत आणली. पण जर्मनमध्ये ती नीट मांडता येईनात, आणि मराठीत मांडली असती तर ऐकताना मलाच लाज वाटली असती. मी म्हणालो, “चल, खाली जाऊ.”

जिना उतरताना माझेही गुडघे कुरकुरले. घराणं एकच.

खाली मंजिरी आणि ताई भट्टीवाल्या माणसांचं काम बघत बसल्या होत्या. एकाने पोतं उचलून खालची माती बोटाने दाबून पाहिली. ताई मंजिरीला म्हणाली, “अजून एक दिवस झाकून ठेवायला पाहिजे. घाई करतायत.” मला पाहून तिने बाकावर जागा केली. इरा तिच्या दुसऱ्या बाजूला, पायांत पाय गुंतवून बसली. मी ताईकडे न बघता, भट्टीकडे बघत म्हणालो, “जानेवारीत येतो मी. चार महिने. तू तारीख घे.”

ताईने इराकडे पाहिलं. इराने झाडांकडे पाहिलं.

“तुझी नोकरी?” ताई म्हणाली.

“बिनपगारी रजा घेतो. मिळते इथे.”

मंजिरीशी मी बोललो नव्हतो. मी तिच्याकडे वळलो तेव्हा ती थर्मासचं झाकण लावत होती. ती म्हणाली, “मागायचं पत्र मी लिहून देईन. विनंती करायची वेळ आली की तुझं जर्मन फार लाचार होतं. आम्ही दोघी राहू मजेत, ताई, तुम्ही काळजी करू नका. उलट घर आवरलेलं राहील.”

ताईने पेला खाली ठेवला. मला वाटलं आता ती रडेल, आणि मी तयारीही केली, म्हणजे खिशात रुमाल चाचपला. पण ती माझ्याकडे पाहत होती ती तशी, तेरा वर्षांची असताना घमेली घेऊन उभ्या असलेल्या ओळीकडे पाहायची तशी. कोण काय पेलेल ते तोलत.

“कुकर लावता येतो?”

“येतो.”

“मऊ भात. तुझ्यासारखा मोकळा नाही.”

“लावीन.”

“आंघोळीला सुमन येते, साडेआठला. तिच्यावर ओरडायचं नाही. औषधं सकाळची तीन, संध्याकाळची दोन, पांढरी गोळी मोडून द्यायची. लिहून घे.”

मी तिकिटाच्या मागे लिहायला लागलो. जागा पुरेना, मंजिरीने तिचं तिकीट दिलं, मग इराने तिचं. ताई सांगत राहिली. दार नुसतं लोटायचं नाही, वरची कडी लावायची, नाहीतर आई कालव्याकडे चालायला लागते. आमच्या वसाहतीतल्या त्या कालव्याकडे, जो कऱ्हाडच्या घरापासून चाळीस मैलांवर आहे. वेणी घालताना डावीकडून सुरुवात करायची. “माझ्याविषयी तिने विचारलं तर मी शाळेत गेलेय म्हणायचं, हॉस्पिटल म्हणायचं नाही. शाळेतून मी परत येते हे तिला माहीत आहे.” ते सांगताना ताईचा आवाज जरा अडकला आणि तिने तो भट्टीच्या धुरावर ढकलला. धूर दुसऱ्या दिशेला जात होता.

ऊन कमानीवरून सरकून बाकावर आलं. आतून मुलांचा एक घोळका बाहेर पडला, पुठ्ठ्याच्या ढाली एकमेकांवर आपटत. तो शिपाई पुन्हा दारावर उभा होता. त्याने ताईकडे बघून भाला उंचावला आणि ताईने मान लववून त्याचा मुजरा स्वीकारला. किल्ला आम्ही त्या दिवशी आतून नीट पाहिलाच नाही. तीन तिकिटं दोन्ही बाजूंनी भरली होती.

“आणि दुपारी,” ताई म्हणाली. “झोपेतून उठल्यावर तिला क्षणभर कळत नाही आपण कुठे आहोत. तेव्हा बोलायचं नाही. हात धरायचा नाही. नुसतं समोर बसायचं, तिला दिसेल असं. चेहरा ओळखला की आपणहून चहा मागते.”

मी लिहायचा थांबलो. गेल्या खेपेला मी नऊ दिवस राहून आलो होतो, त्यातले दोन दिवस आई मला बँकेतले साहेब समजत होती.

“आणि मला नाही ओळखलं तर?”

“तरी बसायचं,” ताई म्हणाली. “चहा तर मागतेच.”